माणसं ‘मध्ये घालणं’ म्हणजे नेमकं काय? एका क्रियापदाचा अर्थ आणि वापर

गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात नवरा-बायकोचं बिनसलं, मुलगी माहेरी येऊन बसली, की आठ-पंधरा दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘चार माणसं मध्ये घाला.’ घरात हिंदी-उर्दू बोलणारे म्हणतात, ‘किसी को बीच में डालो.’ खेड्यातला माणूस म्हणतो, ‘कोनाले तरी मंधात टाका.’ भाषा तीन, गोष्ट एकच. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड, आणि सोयरिकी तिन्हीकडे. त्यामुळे एकाच बैठकीत हे वाक्य तिन्ही तऱ्हेनं बोललं जातं आणि सगळ्यांना कळतं.

पण खरंच कळतं का? कारण हेच वाक्य पुढे भूतकाळात येतं. ‘आम्ही माणसं मध्ये घातली होती, पण जमलं नाही.’ या एका वाक्यावर तलाक झाला असं धरलं जातं, मुलीची पोटगी थांबते, सामान परत मागितलं जातं. आणि त्याच वाक्यावर कोर्ट विचारतं, कोणी घातली? कुणाला घातलं? कधी? त्यांनी काय केलं? तेव्हा बहुतेकांकडे उत्तर नसतं. म्हणून आज आम्ही या साध्या दिसणाऱ्या क्रियापदाचा अर्थ नीट उलगडून सांगायचं ठरवलं आहे. शब्द भाषेचा असला तरी त्याच्यावर संसार अवलंबून आहेत.

‘घालणे’ एकटं काही सांगत नाही

मराठीत ‘घालणे’ हे मोठं उपयोगी क्रियापद. भाजीत मीठ घालतात, अंगात सदरा घालतात, दाराला कडी घालतात. विदर्भात आपण यातल्या कितीतरी ठिकाणी ‘टाकणे’ म्हणतो, म्हणजे मीठ टाकतो, साखर टाकतो. हिंदीतल्या ‘डालना’ची संगतही त्याला आहे. पण ‘मध्ये घालणे’ आणि ‘मध्ये टाकणे’ यांत अर्थाचा फरक नाही, बोलीचा आहे.

महत्त्वाची गोष्ट अशी की ‘घालणे’च्या आधी कोणता शब्द येतो त्यावर सगळा अर्थ ठरतो. लक्ष घालणे म्हणजे काळजीनं बघणे. गळ घालणे म्हणजे विनवणी करणे. अट घालणे म्हणजे बंधन टाकणे. वाद घालणे म्हणजे भांडणे. मोडता घालणे म्हणजे चालू काम अडवणे. पोटात घालणे म्हणजे चूक माफ करणे. पाठीशी घालणे म्हणजे आपल्या माणसाची चूक झाकून त्याला वाचवणे. क्रियापद तेच, पण एक समेट घडवतं, एक समेट मोडतं. बैठकीला बसलेला माणूस यातलं नक्की काय घालतो आहे, हे बघायला हवं.

‘मध्ये’ हा शब्द आला की आणखी चार प्रयोग शेजारी येऊन उभे राहतात. ते वरवर सारखे दिसतात, पण वेगळे आहेत.

• मध्ये घालणे: भांडणाऱ्यांनी स्वतः कुणाला तरी निवडून आपल्यामध्ये आणणे. अधिकार भांडणाऱ्यांचा, माणूस त्यांनी नेमलेला.

• मध्ये पडणे: कुणी न बोलावता स्वतःहून भांडणात शिरणे. हेतू चांगला असू शकतो, पण त्याला कुणी नेमलेलं नसतं.

• मध्ये तोंड घालणे: निर्णयाचा अधिकार नाही, ऐकून घ्यायची तयारी नाही, फक्त बोलणे.

• मध्ये येणे: वाट अडवणे. ‘तू मध्ये येऊ नको’ हे वाक्य धमकीचंच असतं.

व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर ‘पडणे’ आणि ‘येणे’ अकर्मक, ‘घालणे’ सकर्मक. म्हणजे ‘घालणे’ला घालणारा लागतो आणि घातला जाणाराही लागतो. ‘मध्ये’ म्हटलं की कुणाच्या मध्ये, तेही सांगावं लागतं. मिळून तीन जागा भराव्या लागतात. यातली एक जरी रिकामी राहिली तर वाक्य अर्धवट राहतं.

कर्ता गळून पडतो तेव्हा

इथे मराठीची एक खोड लक्षात घेण्यासारखी आहे. ‘मुलाकडच्यांनी माणसं मध्ये घातली.’ या वाक्यात ‘घातली’ हे रूप कुणामुळे आलं? ‘माणसं’मुळे. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं, कर्त्याच्या नाही. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो. मुलीकडच्यांनी घातली तरी ‘घातली’च, दोघांनी मिळून घातली तरी ‘घातली’च.

म्हणून कर्ता वगळला तरी वाक्य बिनतक्रार चालतं. ‘माणसं मध्ये घातली होती.’ कोणी घातली, याचा मागमूसही त्या क्रियापदात राहत नाही. हिंदीतही तेच, ‘लोग बीच में डाले थे.’ ऐकणाऱ्याला वाटतं दोन्हीकडच्यांनी मिळून घातली असतील. प्रत्यक्षात कित्येकदा मुलाचे काका, मुलाचे मामू आणि मुलाच्या वडिलांचे दोस्त असे तिघं एका दुपारी जाऊन आलेले असतात. मुलीला कुणी विचारलेलंही नसतं. व्याकरणात गळालेला कर्ता आणि घरात न विचारलेली मुलगी, या दोन गोष्टी अनेकदा एकाच वाक्यात असतात.

धुऱ्याचं उदाहरण

आपला जिल्हा धानाचा. झाडीपट्टीत शेताचे छोटे-छोटे तुकडे पाडून त्यांना बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांच्या मध्ये मातीचा धुरा घालतात. धुरा दोन शेतं वेगळी करतो, हे खरं. पण तोच धुरा दोन्हीकडचं पाणी धरून ठेवतो. रोवणीच्या दिवसांत धुरा फुटला तर वरच्या बांधीतलं पाणी जातं आणि खालच्या बांधीतला पऱ्हा वाहून जातो. नुकसान दोघांचंही.

चांगला धुरा कसा असतो? तो दोन्हीकडच्या मातीचा असतो. एकाच बाजूची माती ओढून घातलेला धुरा हळूहळू सरकतो, आणि मग तोच धुरा भांडणाचं मूळ होतो. आपल्या तहसील कार्यालयांत धुऱ्याच्या तक्रारी काही नव्या नाहीत.

मध्ये घातलेला माणूस धुऱ्यासारखा असतो. दोन्हीकडची माती त्याच्यात हवी. आणि त्याचं काम फक्त वेगळं करण्याचं नाही, पाणी धरून ठेवण्याचंही आहे.

‘दरम्यान’, ‘सालिस’, ‘वास्ता’

या अर्थाचे शब्द आपल्या घरातल्या उर्दूतही भरपूर आहेत, आणि त्यातले काही मराठीत येऊन मुरलेही आहेत. वर्तमानपत्रात रोज दिसणारा ‘दरम्यान’ हा फारसी ‘दरमियान’, म्हणजे ‘मध्ये’. उर्दूत लवादाला ‘सालिस’ म्हणतात. तो अरबी शब्द, अर्थ ‘तिसरा’. मराठीत भांडणाशी संबंध नसलेल्या माणसाला ‘तिऱ्हाईत’ म्हणतात, त्याच्याही पोटात ‘तीन’ आहे. दोन भाषांनी वेगवेगळ्या वाटेनं येऊन एकच गोष्ट टिपली: दोघांचं भांडण मिटवायचं तर तिसरा लागतो, आणि तो खरोखर तिसरा असला पाहिजे, दोघांपैकी एकाची सावली नव्हे.

‘वास्ता’ हा शब्दही बघा. ‘खुदा का वास्ता’ म्हणताना आपण बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये अल्लाहचं नाव आणतो. मराठीत नेमक्या याच कामाला ‘शपथ घालणे’ म्हणतात. इथेही ‘घालणे’च.

नमाजमध्ये ‘सुतरा’ असतो. मोकळ्या जागेत नमाज पढणारा आपल्यासमोर एखादी वस्तू ठेवतो, म्हणजे येणारा-जाणारा तिच्या पलीकडून जाईल. याला मात्र मराठीत ‘आड ठेवणे’ म्हणायला हवं, ‘मध्ये घालणे’ नाही. ‘आड’ थांबवतो, ‘मध्ये’ जोडतो. बैठकीला गेलेला माणूस दोघांच्या ‘मध्ये’ आहे की ‘आड’ आला आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा असतो.

कुरआनमध्ये ‘मध्ये’ दोनदा येतं

नवरा-बायकोच्या वादात माणसं मध्ये घालण्याचा आदेश सूरह अन-निसाच्या ३५ व्या आयतीत आहे. तिचा आशय असा: दोघांमध्ये फूट पडण्याची भीती वाटली तर एक हकम नवऱ्याच्या घराण्यातून आणि एक हकम बायकोच्या घराण्यातून पाठवा, त्या दोघांना सुधारणा हवी असेल तर अल्लाह त्यांच्यामध्ये जुळवून आणेल.

या आयतीतले काही शब्द नीट बघण्यासारखे आहेत. ‘शिकाक’ म्हणजे फूट, तडा. ‘हकम’ म्हणजे निवाडा करणारा. हुकूम, हाकिम हे शब्द त्याच धातूचे. ‘इस्लाह’ म्हणजे बिघडलेलं दुरुस्त करणे. आणि ‘बैन’ म्हणजे मध्ये. हा ‘बैन’ आयतीत दोनदा येतो. पहिल्यांदा, दोघांच्या मध्ये पडलेला तडा. दुसऱ्यांदा, दोघांच्या मध्ये अल्लाहनं घातलेला मेळ. जागा तीच. जिथे तडा पडला तिथेच मेळ घालायचा आहे, आणि ते घडावं म्हणून त्या जागी आधी दोन माणसं पाठवायची आहेत.

दुसरी गोष्ट, आयत एक माणूस सांगत नाही, दोन सांगते. एक त्याच्याकडचा, एक तिच्याकडचा. धुऱ्याला दोन्हीकडची माती. आणि तिसरी गोष्ट, आयत भीती वाटली तर पाठवा म्हणते. तडा पडायची चिन्हं दिसली की माणसं घालायची, तलाकनामा लिहून झाल्यावर नव्हे.

या हकमांना दोघांना वेगळं करण्याचाही अधिकार आहे का, यावर फिकहच्या मतांत फरक आहे. मालिकी मतानुसार तो अधिकार त्यांना आहे. हनफी मतानुसार नवरा-बायकोनं तसा अधिकार सोपवला असेल तरच. पण समेटाचा प्रामाणिक प्रयत्न करायचा, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

सूरह अल-हुजुरातच्या ९ व्या आयतीत दोन गटांच्या भांडणाबद्दल सांगताना समेट ‘अद्ल’नं, म्हणजे न्यायानं, करा असं म्हटलं आहे. कसाही समेट नव्हे. ‘मुलीनं थोडं सोसलं असतं तर बरं झालं असतं’ एवढंच सांगून उठलेल्या बैठकीला या कसोटीवर काय नाव द्यायचं, ते वाचकांनीच ठरवावं.

माणसं मध्ये, आणि काळही मध्ये

तलाकची जी रीत शास्त्रानं उत्तम किंवा चांगली मानली आहे, तिच्यात आणखी एक गोष्ट मध्ये घातलेली आहे. ती म्हणजे काळ.

‘तलाक-ए-अहसन’मध्ये एकदाच तलाक उच्चारायचा आणि मग इद्दतचा काळ जाऊ द्यायचा. ‘तलाक-ए-हसन’मध्ये तीन वेगवेगळ्या तुहरमध्ये, म्हणजे पाळीनंतरच्या शुद्धीच्या काळात, एकेकदा उच्चारायचा. दोन उच्चारांच्या मध्ये साधारण महिना जातो. या काळात नवऱ्याला ‘रुजू’ करता येतं, म्हणजे बायकोला परत घेता येतं. हा रिकामा काळ नाही. राग उतरायला, पोरांकडे बघायला, माणसं मध्ये घालायला तो दिलेला आहे.

एका दमात तीनदा तलाक म्हणणं म्हणजे हा काळ काढून टाकणं. आणि काळ काढला की माणसं घालायला जागाच उरत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींवर टेकलेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात एकदम तीन तलाक ३ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवला. बहुमतातल्या न्यायमूर्तींनी एक कारण हेच दिलं: असा तलाक ताबडतोब आणि कायमचा असल्यामुळे दोन्ही कुटुंबांतल्या दोन मध्यस्थांना समेटाची संधीच मिळत नाही. पुढे २०१९ च्या कायद्यानं असा तलाक गुन्हा ठरवला आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. त्या शिक्षेवर मतभेद आहेत. पण मध्ये काळ हवा आणि मध्ये माणसं हवीत, यावर शास्त्र आणि न्यायालय एकाच बाजूला आहेत.

चादर आणि शिफारस

मध्ये घातलेल्या माणसानं काय करायचं, याची दोन उदाहरणं सीरत आणि हदीसमध्ये आहेत.

पहिलं नबुवतच्या आधीचं. काबागृहाची पुन्हा बांधणी चालू होती. हजरे अस्वद जागेवर बसवण्याचा मान कुणाचा, यावरून कुरैशच्या घराण्यांत तलवारी निघायची वेळ आली. जो आता पहिला आत येईल त्याचा निर्णय मानायचा, असं ठरलं. आले ते मुहम्मद (सल्ल.), वय सुमारे ३५. त्यांनी एक चादर पसरली, दगड तिच्यावर ठेवला आणि प्रत्येक घराण्याच्या प्रमुखाला चादरीचा काठ धरायला सांगितला. सगळ्यांनी मिळून दगड उचलला आणि त्यांनी तो स्वतःच्या हातानं जागी बसवला. त्यांना मध्ये घातलं होतं सगळ्यांनी, आणि त्यांनी मध्ये घातली एक चादर, जिला सगळ्यांचे हात लागले.

दुसरं उदाहरण मदिनेतलं, सहीह बुखारीत आलेलं. बरीरा नावाची बाई गुलामीतून मुक्त झाली. तिचा नवरा मुगीस अजून गुलाम होता. मुक्त झालेल्या बाईला अशा निकाहात राहायचं की नाही हे ठरवायचा हक्क होता, आणि बरीरानं न राहायचं ठरवलं. मुगीस रडत-रडत तिच्या मागे मदिनेच्या गल्ल्यांतून फिरायचा. प्रेषितांना (सल्ल.) त्याची दया आली. त्यांनी बरीराला त्याच्याकडे परत जाण्याबद्दल सुचवलं. तिनं विचारलं, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो आहे. तेव्हा तिनं सांगितलं की मग मला त्याची गरज नाही. आणि विषय तिथेच संपला. तिच्यावर कुणी रागावलं नाही.

मध्ये घातलेल्या माणसाची मर्यादा याहून स्पष्ट काय असेल? खुद्द प्रेषितांनी शिफारस आणि हुकूम यांत फरक ठेवला, आणि एका बाईचं ‘नाही’ मानलं. आमच्या बैठकांत मात्र, मध्ये घातलेला माणूस मुलीच्या ‘नाही’ला स्वतःचा अपमान समजतो.

कोर्ट हेच वाक्य पूर्ण करायला सांगतं

२००२ हे वर्ष या बाबतीत महत्त्वाचं. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठानं मराठवाड्यातल्या एका पोटगीच्या प्रकरणात निकाल दिला. नवऱ्यानं नुसतं ‘मी पूर्वीच तलाक दिला होता’ असं जबाबात सांगून चालणार नाही. कारण काय होतं, मध्यस्थ नेमले होते का, समेटाचा प्रयत्न झाला का, तो का फसला, हे सगळं पुराव्यानं सिद्ध करावं लागेल.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा शमीम आरा खटल्यातला निकाल आला. त्यात नवऱ्यानं १९९० साली पोटगीच्या खटल्यात लेखी जबाब देताना सांगितलं होतं की आपण १९८७ मध्येच तलाक दिला. न्यायालयानं ते मानलं नाही. तलाकला योग्य कारण हवं आणि त्याआधी दोन मध्यस्थांमार्फत, एक नवऱ्याच्या घराण्याचा, एक बायकोच्या घराण्याचा, समेटाचा प्रयत्न झालेला हवा, असं मत गुवाहाटी उच्च न्यायालयानं पूर्वीच मांडलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं.

म्हणजे ज्या वाक्याचा कर्ता आपण गाळतो, तोच कोर्ट परत मागतं. ‘माणसं मध्ये घातली होती’ एवढं पुरत नाही. कोणी, कुणाला, कुणाच्या मध्ये, कोणत्या तारखेला, हे सांगावं लागतं.

गावची समिती, दारुल कजा आणि मध्यस्थी केंद्र

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी समित्या बसल्या. धुऱ्याचा, वाटेचा, भाऊबंदकीचा वाद तिथे मिटला तर चांगलंच. घरगुती वादातही समिती मदत करू शकते, पण समितीनं पाठवलेला माणूस हा दोन्ही घराण्यांनी निवडलेल्या हकमची जागा आपोआप घेत नाही. दोघांनी त्याला मान्य केलं तरच तो ‘मध्ये घातलेला’.

दारुल कजा किंवा जमातच्या बैठकीबद्दलही हेच. सर्वोच्च न्यायालयानं ७ जुलै २०१४ च्या निकालात सांगितलं की दारुल कजा हे न्यायालय नाही, तिथला निर्णय किंवा फतवा कुणावर सक्तीनं लादता येत नाही. दोघं आपखुशीनं गेले तर त्याला मनाई नाही. आपखुशी दोघांची हवी, एकाची नव्हे.

सरकारी यंत्रणेतही ही सोय आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. १९८७ च्या कायद्यानुसार बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे. कोर्टातून प्रकरण मध्यस्थीला गेलं तर तिथला प्रशिक्षित मध्यस्थ निर्णय लादू शकत नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही मध्यस्थाची भूमिका तशीच आहे. बरीराच्या गोष्टीतली शिफारस आणि कायद्यातली मध्यस्थी यांत फार अंतर नाही.

हा शब्द कुठे वापरू नये

मारहाण होत असेल, जाळण्याची, घराबाहेर काढण्याची धमकी असेल, तर तिथे ‘माणसं मध्ये घाला’ हे पहिलं वाक्य नसावं. तडा आणि मार यांत फरक आहे. मार चालू असताना मुलीला आणि मारणाऱ्याला एका चटईवर बसवून समेट करायला लावणं हा अन्याय आहे. आधी तिची सुरक्षा. ११२ वर पोलीस, १८१ वर महिला मदत क्रमांक, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी. समेट करायचा की नाही ते ती सुरक्षित झाल्यावर तिनं ठरवायचं.

तसंच मुलीला ‘खुला’ हवा असेल, म्हणजे तिला स्वतःच निकाहातून बाहेर पडायचं असेल, तर मध्ये घातलेल्या माणसांचं काम तिला महिनोन् महिने लटकवून ठेवणं नाही. मग ते मध्ये घालणं राहत नाही, मोडता घालणं होतं.

वाक्य पूर्ण कसं करायचं

ज्यांच्या घरी आज ही वेळ आलेली आहे, त्यांच्यासाठी आम्ही थोडक्यात सांगतो.

• मुलाकडून एक आणि मुलीकडून एक, अशी किमान दोन माणसं ठरवा. मुलीकडचा माणूस मुलीला विचारून ठरवा. तिला मामूंपेक्षा खाला किंवा फुप्फूवर भरवसा असेल तर तसं तिला सांगू द्या, आणि बैठकीत ते ऐका.

• ज्याला पाठवता तो आपल्या माणसाला पाठीशी घालणारा नसावा. आपल्याच मुलाची चूक त्याच्या तोंडावर सांगू शकेल असा माणूस शोधा.

• मध्ये घातलेल्यांनी मुलाचं आणि मुलीचं वेगवेगळं ऐकावं. मुलीचं ऐकताना सासरचं कुणी खोलीत नसावं.

• एका बैठकीत सगळं उरकू नका. मध्ये काळ घाला.

• कागद करा. तारीख, जागा, कोण हजर होतं, कुणी कुणाला नेमलं, काय ठरलं किंवा का ठरलं नाही. मराठीत, हिंदीत, उर्दूत, ज्या भाषेत दोघांना वाचता येईल त्या भाषेत. खाली दोघांच्या सह्या. कोऱ्या कागदावर सही कुणीही करू नये, मुलीनं तर मुळीच नाही.

• वाक्य लिहिताना कर्ता गाळू नका. ‘माणसं मध्ये घातली’ असं लिहू नका. ‘मुलानं अमुक यांना आणि मुलीनं तमुक यांना आपल्यामध्ये घातलं’ असं लिहा.

शेवटचा मुद्दा व्याकरणाचा वाटेल, पण सगळा लेख त्यासाठीच आहे. ज्या वाक्यात मुलगी कर्ता म्हणून लिहिता येत नाही, त्या बैठकीत माणसं मध्ये घातली गेली नव्हती. फक्त एका बाजूची माणसं मध्ये पडली होती. तो फरक आपण स्वतः ओळखला तर कोर्टानं सांगायची वेळ येणार नाही.